जुनी म्हणजे मागची

ऑपरेटरबाईंनी उभ्या नोकरीत एकही रॉंग नंबर जोडला नव्हता, आणि ही गोष्ट गावात कुणाला माहीत नसेल तर त्या स्वतः त्याला रस्त्यात थांबवून सांगत. पालिकेच्या टेलिफोन बोर्डावर त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर बोर्ड सुटला, सवय सुटली नाही. घरात मोबाईल वाजला की त्या "हॅलो" म्हणत नसत, "बोला, कोण हवंय?" म्हणत. समोरून मुलगी वैतागायची, "आई, तुझ्या फोनवर तूच हवी असणार ना? दुसरं कोण?" बाई म्हणत, "तरी विचारलेलं बरं."

तर अशा बाईंच्या एका उत्तरामुळे पालिकेची बरी इमारत जमीनदोस्त झाली आणि पडायला आलेली तशीच उभी राहिली. बरं, आळ त्यांच्यावर आला असता तर त्या पुरून उरल्या असत्या. पण नोकरी जायची वेळ आली ती त्यांच्या जावयावर.

जावई पालिकेत इंजिनिअर. इतकी वर्षं दुसऱ्या गावी नोकरीला होते, नुकतेच बदली होऊन सासुरवाडीच्या गावात आले होते. माणूस अतिशय सावध. चहात साखर घातली आहे असं सांगितलं तरी आधी चमच्याने ढवळून बघणार. बाईंना असा मिळमिळीतपणा आवडत नसे. लग्नाच्या दिवशी शेजारणी "नवे जावई आले, नवे जावई आले" म्हणत खिडकीत गोळा झाल्या, तेव्हापासून बाई त्यांना "नवे जावई" म्हणत आल्या होत्या, आणि ते ऐकलं की जावयांचा चेहरा जरासा पडत असे. तो का पडतो हे बाईंनी कधी विचारलं नाही.

भानगड सुरू झाली ती वरच्या ऑफिसकडून आलेल्या हुकमामुळे. हुकूम सरळ होता: पालिकेची जुनी इमारत धोकादायक झाली आहे, ती रिकामी करून पाडावी. मुख्याधिकाऱ्यांनी त्यावर सही केली, जुनीतली खाती नवीत हलवायला सांगितलं आणि ते प्रशिक्षणाला निघून गेले. प्रशिक्षण थंड हवेच्या ठिकाणी होतं, त्यामुळे ते मन लावून करणं भाग होतं. मागे राहिले जावई.

जावयांनी अंगणात उभं राहून दोन्ही इमारती पाहिल्या. पुढची दगडी, कमानींची, भिंतीला हात जाईल एवढी भेग. मागची सिमेंटची, दुमजली, चौकोनी. आणि कर्मचारी कपाटं उचलून मागचीतून पुढचीत नेत होते! जावयांनी शिपायाला विचारलं, पाणीखात्याला विचारलं, समोरच्या न्हाव्याला विचारलं. सगळ्यांनी मागेच बोट दाखवलं. तरी सावध माणसाचं समाधान होईना, म्हणून त्यांनी सासूबाईंना फोन लावला.

"बोला, कोण हवंय?"

"आई, मी बोलतोय. ऑफिसची जुनी इमारत म्हणजे कोणती हो?"

"मागची."

"पण आई, पुढची जास्त जुनी दिसते..."

"दिसण्यावर काय जाता? पुढची नवी, मागची जुनी. एवढंही माहीत नाही? काय हो नवे जावई, ठेवू का आता? गॅसवर दूध आहे."

दूध उतू गेलं नाही. इमारत मात्र गेली.

पाडकाम बघायला निम्मं गाव लोटलं होतं. ऑपरेटरबाई स्वतः कोपऱ्यावर उभ्या होत्या. यंत्राने पहिल्या मजल्याची भिंत ओढली आणि आतला हिरवा रंग उघडा पडला, तेव्हा त्यांना एकदम रडू आलं. त्याच भिंतीला टेकून त्यांचा बोर्ड होता. तिथेच बसून त्यांनी अख्ख्या गावाचं बोलणं एकमेकांना जोडून दिलं होतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण चूक झाली आहे असं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. जुनी पाडायची होती, जुनी पाडली. शेजारी उभ्या न्हाव्यालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मुख्याधिकारी परत आले, फाटकातून आत शिरले आणि थबकले. पुढची इमारत दिमाखात उभी. मागे आरपार आभाळ. वरच्या ऑफिसने शंभरी गाठलेली दगडी इमारत पाडायला सांगितली होती आणि पडली होती तिची नात शोभेल अशी सिमेंटची. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग क्षणभर विचार करून तोच हात त्यांनी जावयांकडे रोखला.

चौकशी लागली. वरून एक मॅडम आल्या आणि तिथून गावाची स्मरणशक्तीच गेली. शिपाई म्हणाला, "आम्ही तर पुढची-मागची असंच म्हणतो." पाणीखात्याने जुनी-नवी हे शब्द आयुष्यात ऐकले नव्हते. न्हाव्याने तर त्या दिवशी दुकानच उघडलं नव्हतं. साहेब समोर बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते ना! नाव सगळ्या गावाचं होतं असं ठरलं, तर ते साहेबांचंही होतं असं ठरणार, आणि मग खाती कुठून कुठे हलवायची त्यावर डोळे मिटून सही कुणी केली, हा प्रश्न उभा राहणार. त्यापेक्षा एकटा परका इंजिनिअर खुळा ठरलेला सोयीचा.

संध्याकाळी मुलगी बाईंकडे आली ती भरल्या डोळ्यांनी आणि भरल्या रागाने.

"आई, चौकशीचा उद्या शेवटचा दिवस. उद्या त्यांना घरी बसवतील."

"का म्हणून? मी रॉंग नंबर दिलेला नाही."

"तुझा नंबर खड्ड्यात गेला! मॅडमनी त्यांना विचारलं, खात्री कुणाकडून करून घेतली? तर म्हणाले, लोकांना विचारलं. कोणत्या लोकांना? तर गप्प."

"गप्प? माझं नाव नाही सांगितलं?"

"नाही. म्हणाले, सासूबाईंना या वयात चौकशीत उभं करायचं का? नोकरी दुसरी बघता येईल."

बाई गप्प बसल्याचं पाहून मुलगी घाबरली आणि पाणी आणायला उठली. बाईंना वाटत होतं, आपण या माणसाला इतकी वर्षं मिळमिळीत म्हणत आलो. मिळमिळीत माणूस असा गप्प बसतो? त्याने तर पहिल्या धमकीला आपलं नाव, पत्ता, मोबाईल नंबर सगळं ओकून टाकलं असतं. बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली. मग लाज वाटायला लावल्याबद्दल त्यांना साहेबांचा राग आला, आणि राग आल्यावर त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून पालिकेत हजर झाल्या. चौकशी पुढच्या इमारतीच्या सभागृहात चालली होती. भेगाळलेल्या कमानीला लोखंडी टेकू दिला होता आणि त्याच्याखाली टेबल मांडून मॅडम बसल्या होत्या. कागदोपत्री ही इमारत पडलेली होती. पडलेल्या इमारतीत बसून न पडलेलीची चौकशी चालली होती, आणि यात कुणालाही हसू येत नव्हतं.

"आपण कोण?" मॅडमनी विचारलं.

"ज्यांना विचारून इमारत पाडली, ती मी," बाई म्हणाल्या.

जावई ताडकन उठले. "मॅडम, यांचा काही संबंध नाही. आई, तुम्ही घरी जा."

"बसा हो नवे जावई."

मॅडमनी मान वर केली. "नवे जावई? म्हणजे नुकतंच लग्न झालंय?"

"आधी माझं ऐकून घ्या," बाई म्हणाल्या आणि न विचारता खुर्ची ओढून बसल्या. "या पाडलेल्या इमारतीचा इतिहास कुणाला ठाऊक असेल तर मला. सगळ्यात आधी पालिका होती लाकडाच्या वखारीच्या माडीवर, भाड्याने. खाली करवत सुरू झाली की वर सभा थांबायची. एकदा म्हणे करवत दिवसभर थांबलीच नाही, म्हणून सगळे ठराव हात वर करून मंजूर झाले. काय मंजूर झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. मग ही दगडी बांधली. वखार जुनी, म्हणून ही नवी. पुढे वखार जळून गेली, पण हिचं नाव राहिलं ते राहिलं. माझ्या आजीच्या तोंडी हे नाव होतं, मॅडम. आजी गेली, आई गेली, ही अजून नवीच."

"आणि मागची?"

"मागची बांधली माझ्या डोळ्यांसमोर. पाटीवर लिहिलं होतं 'विस्तारित कार्यालय'. आता मला सांगा, हे कुणाच्या तोंडात बसणार? उद्घाटनाला गच्चीवरची टाकी भरून ठेवली होती, ती नेमकी पाहुण्यांच्या खांद्यावर गळायला लागली. पाहुणे भाषणात म्हणाले, ही वास्तू चिरतरुण राहो, आणि रुमालाने मान पुसत खाली बसले. जन्मतःच म्हातारी निघाली ती! तिथे पहिलं काय हलवलं, तर जुनं दप्तर. जो तो म्हणायला लागला, जुन्यात ठेव, जुन्यातून आण. झाली जुनी. माझ्या बोर्डावर मी चिठ्ठ्याच चिकटवल्या होत्या. फोन आला की विचारायचे, नवीत देऊ की जुनीत? गावात एकाने कधी विचारलं नाही की नवी कोणती."

मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या जराशा सैल झाल्या होत्या. ते बघून बाईंना आणखी चेव आला.

"तिच्यात लिफ्टची जागा सोडली होती. लिफ्ट काही आली नाही. तिथे आम्ही छत्र्या ठेवायचो. 'लिफ्टमध्ये ठेव' म्हणजे छत्री ठेव. एक नवे साहेब आले होते, पायाने अधू. त्यांना कुणीतरी सांगितलं, लिफ्ट आहे ना तळमजल्यावर. बिचारे दार उघडून छत्र्यांत उभे राहिले. जिन्यावर तुळई इतकी खाली, की प्रत्येक उंच माणसाच्या कपाळाला टेंगूळ. ज्याने नकाशा काढला त्यालाही आलं. आणि जन्म-मृत्यूची खिडकी तिथेच. या गावातला माणूस दवाखान्यात नुसता रडतो, मॅडम. जन्मतो तो जुनीतल्या खिडकीवर. हे साहेब बसलेत ना, यांच्या धाकट्या मुलीची नोंदही तिथलीच."

साहेब खाकरले. "मॅडम, गोष्टी रंगतदार आहेत. पण आमच्या इथे असं कुणी म्हणत नाही. मी तीन वर्षं इथे आहे, माझ्या तोंडून असा शब्द कधी आला नाही. पुढची इमारत जुनी आहे हे आंधळ्यालाही कळेल. इंजिनिअरला कळू नये?"

मॅडमनी पेन उचललं. "बाई, तुमचा जीव तुटतोय हे मला दिसतंय. पण तुम्ही यांच्या सासूबाई. तुमच्या एकटीच्या शब्दावर मी काय लिहू? बाकी एकही माणूस तुमच्यासारखं सांगत नाही."

बाईंनी सभागृहात नजर फिरवली. शिपाई छताकडे बघत होता. पाणीखातं आपल्या चपला न्याहाळत होतं. जावई मान खाली घालून बसले होते, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आयुष्यभर सगळ्यांना सगळ्यांशी जोडून दिलं आणि आज आपल्याच माणसासाठी एक लाईन लागत नाही! साहेबांच्या कोपराजवळ ऑफिसचा काळा फोन होता, तारेचा, बाईंच्या काळातला. त्या फोनकडे बाई जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

"घसा सुकला," त्या म्हणाल्या. "पाणी पिऊन येते."

त्या व्हरांड्यात गेल्या, जाड खांबाच्या मागे उभ्या राहिल्या आणि पर्समधून मोबाईल काढला. नंबर आठवावा लागलाच नाही. बोटांना पाठ होता. त्यांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि ठेवणीतल्या साडीसारखाच ठेवणीतला आवाज बाहेर काढला. हा आवाज त्यांनी निवृत्तीच्या दिवशी घडी घालून ठेवला होता. मऊ, सरकारी, जराही घाई नसलेला.

आत काळा फोन खणखणला. साहेबांनी उचलला.

"नमस्कार सर. वरच्या ऑफिसचे मोठे साहेब आपल्या गावात पोचलेत, आपल्याला भेटायचं म्हणतात. गाडी रस्त्यावर थांबवली आहे. कुठे पाठवू सर?"

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. फोनवर मोठ्याने ओरडायची त्यांना सवय होती आणि मोठ्या साहेबांचं नाव ऐकून आवाज आणखी चढला. "इकडेच पाठवा! ऑफिसला!"

"ऑफिसला म्हणजे कुठे सर? ड्रायव्हर नवखा आहे, गोंधळ नको."

"अहो, नव्या इमारतीत! नव्या! फाटकातून आलं की समोर नवीच दिसते! जुनीकडे नेऊ नका, तिथे नुसता खड्डा आहे!"

"धन्यवाद सर. जोडून देते," आवाज म्हणाला आणि लाईन बंद झाली.

साहेबांनी फोन ठेवला. टाय सारखा केला. मग मान वर केली. शिपायाने छतावरची नजर खाली आणली होती. पाणीखात्याने तोंडात रुमाल कोंबला होता. मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं होतं आणि त्या वर, भेगाळलेल्या कमानीकडे आणि तिच्या टेकूकडे बघत होत्या.

"ही नवी," मॅडम हळूच म्हणाल्या.

साहेबांनी काळा फोन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवला.

पहिला फुटला तो शिपाई. "आहेच मुळी नवी!" तो म्हणाला, आणि मग सगळ्यांनाच कंठ फुटला. पाणीखातं म्हणालं, आम्ही जन्म जुनीत काढला. कुणी लिफ्टमध्ये विसरलेली आपली छत्री पाडकामात गेल्याचंही सांगून टाकलं. एवढा गलका झाला की टेकूवरची धूळ टेबलावर पडली आणि मॅडमनी खुर्ची बेताने मागे सरकवली.

ऑपरेटरबाई पदराने ओठ टिपत आत आल्या. "काय झालं?" त्यांनी भोळेपणाने विचारलं.

मॅडमनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. फोनवरचं सगळं बोलणं मॅडमना ऐकू आलं नव्हतं, पण त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. "पाणी गोड होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो. नवीतलं पाणी गोडच असतं."

"एकच सांगा. या तुमच्या नव्या जावयांचं लग्न कधी झालं?"

"अकरा वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

यावर मात्र मॅडमना हसू आवरलं नाही. त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "हुकमात जुनी इमारत पाडा असं लिहिलं होतं. या गावात जी जुनी, ती यांनी पाडली. इंजिनिअरची चूक मला दिसत नाही. हुकूम लिहिणाऱ्याने गावात येऊन विचारायला हवं होतं, आणि सही करणाऱ्याने वाचायला. तसंच लिहून देते." साहेब मोठ्या साहेबांच्या गाडीची वाट बघत व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, ते संध्याकाळपर्यंत उभे होते असं म्हणतात.

सासू आणि जावई अंगणातून निघाले. मागचा खड्डा ओलांडताना बाई थांबल्या. खाली हिरव्या रंगाचा एक तुकडा पडला होता, तो त्यांनी उचलला आणि पर्समध्ये टाकला. जावई काहीतरी बोलायला धडपडत होते. सावध माणूस, त्याला वेळ लागला.

"आई, एक विचारू? तुम्ही मला अजून नवे जावई म्हणता. मला वाटायचं, तुम्ही मला घरातला धरतच नाही. अजून पाहुणाच समजता."

बाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. अकरा वर्षं हा माणूस आपल्या दारात चपला काढून असा परका बसत होता, आणि आपण मजेत नवे जावई, नवे जावई करत होतो. रडणं एकदा त्या भिंतीसाठी झालं होतं, आता पुन्हा नको म्हणून त्यांनी हात लांब करून दगडी इमारत दाखवली.

"ती बघा. आजीपासून नवी म्हणतो तिला. भेगा पडल्या, टेकू लावले, वरून हुकूम आला, तरी कुणाची पाडायची हिंमत झाली नाही. आणि जिला जुनी म्हटलं, ती कुठाय?"

जावयांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग इमारतीकडे पाहिलं. खात्री करून घेतल्याशिवाय त्यांना काही पटत नसे. या वेळी एकदा बघूनच पटलं असावं, कारण ते सासूबाईंची पर्स हातात घेऊन पुढे चालायला लागले.

दोन दिवसांनी सकाळी बाईंचा मोबाईल वाजला.

"बोला, कोण हवंय?"

"आई, मी. नवा जावई बोलतोय." आवाजात चक्क ऐट होती. "एक विचारायचं होतं. इथे कागदावर लिहिलंय, खालची पाण्याची टाकी दुरुस्त करा. खालची टाकी म्हणजे कोणती?"

"टेकडीवरची," बाई म्हणाल्या. "का ते संध्याकाळी जेवायला आलात की सांगते. आणि हे बघा, तोवर कशालाही हात लावू नका."